अरब देशांत एवढी संपत्ती आली, तरी लोकशाही का आली नाही?

संपन्नता वाढली की मध्यमवर्ग वाढतो आणि तो राज्यकारभारात वाटा मागतो, हा नेहमीचा आडाखा आखातात चुकतो, कारण तिथे सरकारची तिजोरी मुख्यतः तेल आणि वायूच्या विक्रीतून भरते, नागरिकांच्या करातून नव्हे. कतार किंवा कुवेतमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही. उलट नागरिकाला सरकारी नोकरी, घरासाठी साहाय्य आणि स्वस्त वीज राज्यच पुरवते, त्यामुळे ‘आमच्या पैशाचा हिशेब द्या’ या मागणीतला जोरच जातो.

तरीही सगळा दोष तेलाच्या माथी मारणे मला पटत नाही. तेलसंपन्न कुवेतने १९६२ मध्येच संविधान स्वीकारले आणि तिथली निवडून आलेली संसद मंत्र्यांना चांगलेच धारेवर धरत असे. मे २०२४ मध्ये अमिरांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, ती विसर्जित केली, हा भाग वेगळा.

ट्युनिशियात तेल बेताचेच, पण शिक्षित मध्यमवर्ग आणि बळकट कामगार संघटना होत्या, म्हणून २०११ च्या क्रांतीनंतर तिथे लोकशाही रुजेल असे वाटले. बेरोजगारी मात्र हटली नाही, आणि जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा राजधानीत कित्येक लोक गाड्यांचे भोंगे वाजवत जल्लोष करायला रस्त्यावर आले.