पहिली जुनी थॉमसन मशीनगन घेताय? आधी एवढं बघा

घ्या, जरूर घ्या; पण बयाणा देण्याआधी थांबा. अमेरिकेत १९ मे १९८६ नंतर सामान्य नागरिकाच्या नावावर नवी मशीनगन नोंदवता येत नाही. त्यामुळे किमतीआधी विचारा: ‘ही ट्रान्सफरेबल (म्हणजे त्या तारखेआधी नोंदलेली, नागरिकाच्या नावावर होऊ शकणारी) आहे की डीलर सॅम्पल (म्हणजे परवानाधारक विक्रेत्यांसाठीचा नमुना)?’ डीलर सॅम्पल तुमच्या नावावर होणारच नाही. राज्याचा कायदाही बघा. एच-१बी व्हिसावर असाल, तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल नको.

मग फॉर्म ४, म्हणजे एटीएफ या केंद्रीय खात्याकडे बंदूक आपल्या नावावर करण्याचा अर्ज: बोटांच्या ठशांची दोन कार्डं, फोटो, २०० डॉलर कर. अर्जावरचा नंबर रिसीव्हरवरच्या (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावरच्या) नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. मंजुरी येईपर्यंत बंदूक विक्रेत्याकडेच राहते. एका दिवसापुरतीही घरी आणू नका. पुढे राज्याबाहेर न्यायची तर आधी एटीएफची लेखी परवानगी घ्या.

खरं नुकसान होतं ते देखभालीत.

- रिसीव्हरला पॉलिश, वेल्डिंग, ड्रिल काही नको. नंबर पुसट झाला किंवा रिसीव्हर गेला, तर बदली मिळत नाही.
- बफर पॅड (मागचा धक्का झेलणारी गादी) झिजला की बोल्ट, म्हणजे आत मागेपुढे सरकणारा जड भाग, मागे रिसीव्हरवर आपटतो. पॅड आणि रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला पुढे ढकलणारी) आधी बदला, दोन्ही स्वस्त आहेत.
- जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधला (काडतूस पेटवणाऱ्या टोपीतला) क्षार हवेतला ओलावा धरतो, लगेच गंज चढतो. त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, तेल लावा.
- मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढल्याशिवाय बोल्ट पुढे सोडू नका. थॉमसन ओपन-बोल्ट आहे, म्हणजे झाडण्याआधी बोल्ट मागे थांबलेला असतो: मॅगझिनमध्ये गोळ्या असताना तो पुढे गेला की गोळी सुटते.

सुटे भाग, बॅरल, दुर्मीळ मॉडेलं यांचा विचार मंजुरी हातात आल्यावर करू.