सनद चालू ठेव

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. होणारा नवरा येत्या निवडणुकीला उभा राहणार आणि सासरची मंडळी म्हणतात, आता कोर्टात कशाला जातेस, मुलांसाठी काम करायचं तर एखाद्या ट्रस्टची अध्यक्ष हो. माझं उत्तर सरळ आहे. अध्यक्षपद घेऊ नकोस. वकिलीची सनद चालू ठेव आणि वकीलपत्रावर स्वतःची सही करत राहा.

तू हिलरी क्लिंटनचं नाव काढलंस म्हणून तिच्याबद्दलच लिहिते. परराष्ट्रमंत्री, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार हे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या कामाचं आहे ते त्याआधीचं. १९७३ मध्ये येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर ती मेरियन राइट एडलमन यांच्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेत लागली. तिथलं काम असं होतं: जनगणनेत शाळेच्या वयाची जितकी मुलं दिसत, तितकी शाळेच्या पटावर सापडत नसत. मधली मुलं गेली कुठे? ती मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला गेली आणि घरोघरी जाऊन विचारू लागली. कुणी आईवडील कामावर जातात म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळत होतं. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून शाळेनं घेतलंच नव्हतं. एक मुलगी घरामागच्या छोट्या पडवीत व्हीलचेअरवर बसलेली भेटली. तिला शाळेत जायचं होतं, पण शाळेत तिची सोय नव्हती. अशा नोंदी देशभरातून गोळा झाल्या, फंडाचा अहवाल निघाला. इतर अनेकांचे कोर्टातले लढेही चालू होतेच. १९७५ मध्ये अपंग मुलांना सरकारी शाळेत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत झाला.

हा भाग मी मुद्दाम लांबवला. मुलांच्या हक्कांवर भाषण कुणीही करतं. कोणत्या घरातलं कोणतं मूल कशामुळे घरी बसलंय, हे वहीत लिहून आणणारा वकील क्वचित मिळतो. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं दिवाळीनंतर वर्गातून गायब होतात, पटावर मात्र नाव राहतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, कलमं तुला पाठ आहेत. फडावर जा, पालावर बस, नावं लिहून घे. आमदाराची बायको म्हणून गाडीतून उतरलीस तर तुला खरं कुणी सांगणार नाही, म्हणून लग्नाआधीच जा.

दुसरं, लिहिण्याबद्दल. त्याच १९७३ मध्ये तिनं हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू या नियतकालिकात मुलं आणि कायदा या विषयावर लेख लिहिला. अल्पवयीन आहे म्हणून मुलाला काहीच कळत नाही, असं कायद्यानं सरसकट गृहीत धरू नये. त्याचं वय आणि समज पाहून त्याचं म्हणणं ऐकावं, असा तिचा युक्तिवाद होता. एकोणीस वर्षांनी, नवरा राष्ट्राध्यक्षपदाला उभा असताना, विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्या पक्षाचे नेते पॅट ब्यूकॅनन यांनी व्यासपीठावरून सांगितलं की या बाईला बारा वर्षांच्या पोरांना आईबापांवर खटले भरू द्यायचे आहेत. लेखातला विचार फार सावध होता, पण प्रचारात लेख कोण उघडून बघतो? तुझंही असंच होईल. तरी लिही. फक्त प्रत्येक वाक्य कोर्टात वाचून दाखवता येईल इतकं नेमकं ठेव.

१९७४ मध्ये ती होणारा नवरा बिल क्लिंटन याच्यासाठी त्याच्या आर्कन्सॉ राज्यात गेली. मैत्रिणींना ते पटलं नव्हतं. तिथं विद्यापीठात कायदा शिकवला, गरिबांसाठी विधी साहाय्य केंद्र उभं केलं. १९७७ मध्ये रोझ लॉ फर्ममध्ये गेली आणि त्याच वर्षी राज्यातल्या मुलांसाठी झटणाऱ्या एका संस्थेच्या संस्थापकांत होती. १९८० मध्ये नवरा राज्याचं गव्हर्नरपद हरला, तेव्हा तिनं माहेरचं रॉडम आडनाव ठेवल्याचाही दोष काढला गेला. १९८२ च्या प्रचारात तिनं क्लिंटन लावलं. आडनावावर तुझ्याकडेही वाद होईल. माझ्या मते तो वाद हरलीस तरी चालेल, पण वकिली सोडायची वेळ आली तर हटून बस. तिनं वकिली चालू ठेवली. पण नवरा गव्हर्नर असताना फर्म राज्य सरकारची कामं घेत होती, त्यावरून १९९२ मध्ये तिच्यावर प्रश्न उठलेच. म्हणून नवऱ्याचा संबंध येईल अशी कोणती कामं घेणार नाहीस, त्याची यादी आजच लिहून चेंबरमधल्या सीनियरांकडे देऊन ठेव.

सगळ्यात अवघड गोष्ट १९९६ ची. बिल क्लिंटननी गरिबांच्या सरकारी मदतीवर मुदत आणि अटी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. यानं मुलं आणखी गरीब होतील म्हणत एडलमन उघड विरोधात उभ्या राहिल्या, त्यांचे पती पीटर यांनी सरकारी पदाचा राजीनामा दिला. हिलरी नवऱ्याच्या बाजूनं राहिली. जिनं तिला काम शिकवलं तिच्याशीच दुरावा आला. पुढच्या वर्षी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी आरोग्य विम्याचा कायदा झाला, त्यामागे तिचाही हात होता. तरी आधीचा निर्णय मला आजही खुपतो.

उद्या तुझ्या नवऱ्याच्या पक्षानं अंगणवाडीचा पैसा कापला, तर तू काय करशील? हे त्याला साखरपुड्याआधी विचार, आणि तुझं उत्तरही त्याला सांग. तो काय म्हणाला ते मला कळव. पुढच्या महिन्यात बाल न्याय मंडळापुढची माझी दोन प्रकरणं तुझ्याकडे द्यायची आहेत, कागद तयार ठेवते.

तुझी,
बाई