बाबांचे पाय दमाच्या आधी थकतात

प्रश्न : माझ्या बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, वय ६८. डॉक्टर म्हणतात चालत जा, पण थोडं चाललं की त्यांना दम लागतो आणि हल्ली तर ते म्हणतात दमाच्या आधी पायच भरून येतात. मांड्या पण बारीक झाल्यात. आई म्हणते कशाला त्रास देता, पडू दे त्यांना आरामात. दम लागत असताना व्यायाम केला तर फुप्फुसं अजून खराब होतील का?

उत्तर : नाही होणार. आईंची काळजी कळते, पण खरं नुकसान त्या आरामानेच होतंय. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसून बसून मांडीचे स्नायू झिजतात, त्यातले जास्त वेळ तग धरणारे तंतू कमी होतात आणि लवकर थकणारे वाढतात, मग जरा चाललं तरी लॅक्टिक अॅसिड लवकर तयार होतं आणि त्यामुळे श्वासाची गरज अजून वाढते. म्हणजे बाबांच्या दमातला काही भाग पायांमुळेच येतोय! स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या असतील, वजन उतरलं असेल तर स्नायू अजूनच जातात.

फुप्फुसाचं झालेलं नुकसान बहुतेक भरून येत नाही, मांडीचे स्नायू मात्र या वयातही परत कमावता येतात. जवळपास पल्मनरी रिहॅब (फुप्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम) असेल तर तिथेच सुरुवात करा, साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा, स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजतात त्याचा) रिपोर्ट यानं फारसा बदलत नाही, तो बघून बरेच जण हिरमुसतात आणि व्यायाम सोडतात. फरक दिसतो तो चालण्यात, जिन्यावर, अंघोळ करताना.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी आणि सहा मिनिटं चालण्याची टेस्ट करून घ्या. घरी नुसतं चालणं पुरत नाही, पायाला ताकदीचा व्यायाम हवाच. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून उठायचं-बसायचं, जमेल तितक्या वेळा, मग विश्रांती, मग परत, एक दिवसाआड. उठताना ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा, उठताना श्वास रोखतात बरेच जण, तिथेच सगळं बिघडतं. चालणं एका दमात नकोच, दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, असं. शून्य ते दहाच्या मापावर दम चारच्या आसपास असावा, म्हणजे धाप लागलीय पण छोटं वाक्य बोलता येतंय, इतका दम लागलाच पाहिजे, त्याला घाबरू नका. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांशी बोला. लगेच आराम देणारा इनहेलर असेल तर व्यायामाच्या १०-१५ मिनिटं आधी घ्यायचा का हेही विचारून घ्या.

जेवणात प्रोटीन कमी पडत असेल तर नुसत्या व्यायामाने स्नायू येणार नाहीत. जेवताना दम लागत असेल तर थोडं थोडं, जास्त वेळा द्या.

आणि आजार बळावून कधी अॅडमिट व्हावं लागलं तर अंथरुणात पडून काही दिवसांतच मांड्यांची ताकद झपाट्याने जाते, म्हणून घरी आल्यावर महिनाभर वाट बघत बसू नका, डिस्चार्जच्या वेळीच रिहॅबची तारीख मागून घ्या.