दातांमागची फिक्स तार सारखी निघते, जास्त ताकदीचं मटेरियल मागू का?

मी ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर) आहे, विदर्भात प्रॅक्टिस करतो. तुम्ही लिहिलंय की ब्रेसेस काढल्यावर खालच्या पुढच्या दातांना आतून लावलेली तार परत सुटली, नेटवर तार चिकटवायच्या एका मटेरियलची ताकद जास्त मेगापास्कल (पकड किती जोर सोसते याचं माप) दिसली, तर डॉक्टरांना तेच लावायला सांगू का. सांगा, पण आधी तार कुठून सुटलीये ते बघा.

ते आकडे लॅबमधले असतात. काढलेल्या दातावर मटेरियल चिकटवायचं, बहुतेक वेळा ३७ डिग्रीच्या पाण्यात दिवसभर ठेवायचं आणि मग मशीनवर तुटेपर्यंत जोर लावायचा. तिथे ना थुंकी, ना जीभ, ना पेशंटला मधेच आलेला ठसका. ब्रॅकेटला (ब्रेसेसचा दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) साधारण ६ ते ८ मेगापास्कल पुरतात हा हिशोब रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने १९७५ मध्ये मांडला, तोच अजून चालतो, आणि आजचं कुठलंही बरं कंपोझिट (म्हणजे हेच चिकटवायचं मटेरियल) नीट लावलं तर त्याच्या वर जातं.

आता आरशात बघा. मटेरियलचा गोळा तारेसोबतच उचलून आलाय आणि दात साफ दिसतोय? मग दाताशी पकडच बसली नव्हती, बहुतेक लावताना ओल आली. पकड बसावी म्हणून दाताला आधी ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड पंधरा ते तीस सेकंद लावतात, यालाच एचिंग म्हणतात, धुवून सुकवल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे आणि त्यानंतर त्याला थुंकी लागली की एचिंग पुन्हा करायचं, पण घाईत ते राहून जातं. त्यात खालच्या दातांमागे थुंकी सारखी साचते, किटणही तिथेच सगळ्यात जास्त, ते न काढता बाँडिंग केलं तर मटेरियल दाताला नाही किटणाला चिकटतं. आमच्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागात पाण्यात फ्लोराइड जास्त, तसल्या डागाळलेल्या दातांवर ॲसिड लवकर काम करत नाही, जरा जास्त वेळ ठेवावं लागतं. आणि दात पांढरे करून घेतले असतील तर दोन आठवडे थांबूनच लावा, ब्लीचिंगनंतर लगेच पकड कमी बसते.

उलट मटेरियल दातावर तसंच आहे आणि तार त्यातून उचकटून आलीये, तर वरचा थर पातळ होता किंवा ब्रशने, खाण्याने झिजला. इथे मात्र तुमचा प्रश्न बरोबर आहे, मटेरियल बदलून फरक पडू शकतो. फ्लोएबल कंपोझिट पसरायला सोपं म्हणून बरेच जण वापरतात, पण पातळ प्रकारांत फिलर (मजबुतीसाठी मिसळलेले बारीक कडक कण) कमी, झिजतं लवकर. घट्टसर मटेरियल आणि तारेवर एक मिलिमीटरच्या आसपास थर, एवढं मागा. तारही पीळ असलेली हवी, त्या खाचांत कंपोझिट धरून राहतं.

वरच्या दातांची तार असती तर आधी बाइट बघायला सांगितलं असतं, चावताना खालचे दात तिच्यावर आपटत असतील तर कितीही भारी मटेरियल लावा, निघणारच.

एकाच दाताची सुटली असली तरी आठवड्याभरात दाखवा, तो दात हळूहळू सरकतो आणि बाकीची तार घट्ट असल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. काढता येणारी प्लेट असेल तर तोवर रात्री घाला. आणि प्लीज घरी फेविक्विक लावू नका, लावून येणारे लोक आहेत, मग ते खरवडण्यातच अख्खी अपॉइंटमेंट जाते.