गोव्यातून परराज्यात माल पाठवणाऱ्या लहान कारखान्याने वाहतूक कशी सांभाळावी?

आपला प्रश्न असा आहे : फोंडा तालुक्यातील आपल्या कारखान्यातून काजूगर पुणे, मुंबई आणि हैदराबादला जातात, भाड्याचा खर्च वाढत चालला आहे, अधूनमधून खोकी भिजतात किंवा फुटतात, तेव्हा स्वस्त ट्रान्सपोर्टवाला शोधावा की सारे काम एखाद्या एजन्सीकडे सोपवावे? कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मी बारा वर्षे रवानगीचे काम पाहतो. माझे मत असे की, या दोन्हींच्या आधी आपल्याच दारात, माल गाडीत चढताना, काय मोजले जाते आणि काय लिहिले जाते ते पाहावे, कारण पुढचा बराचसा खर्च आणि नुकसान तिथेच ठरते.

लिहिण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो तो कागद. अनेकजण तिला माल दिल्याची पावती समजतात. प्रत्यक्षात तो आपला आणि वाहतूकदाराचा करार असतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमचा हैदराबादचा माल वाटेत गाडी बदलताना एका गोदामात भिजला. मालाची किंमत १ लाख ८० हजार रुपये होती आणि भाडे २,४०० रुपये. भरपाई मागितली तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याने २४,००० रुपयांपेक्षा अधिक देण्यास नकार दिला आणि त्याला आधारही होता. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते; पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर देण्याचे मान्य केले असेल, तरच ती वाढते. आम्ही बिल्टीवर तसे काहीच नोंदवले नव्हते आणि विमाही नव्हता. त्या दिवसापासून आम्ही ट्रान्झिट विम्याची (वाटेतल्या नुकसानीच्या विम्याची) ओपन पॉलिसी घेतो; वर्षभराच्या साऱ्या खेपा त्या एकाच पॉलिसीत येतात. ती पॉलिसीही एका अटीवर उपयोगी पडते : माल घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी बिल्टीच्या पोच-प्रतीवर ‘तीन खोकी ओली, एक फुटलेले’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे आणि वाहतूकदाराकडे लेखी दावा केला पाहिजे. दाव्याची नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. आपल्या पुण्याच्या आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांना हे आजच फोन करून सांगा; ‘माल मिळाला’ एवढ्या सहीवर कोरी पोच परत आली की दावा जवळजवळ संपतो.

आता मोजणे. काजूगरांचा ११.३४ किलोचा डबा जड आणि आटोपशीर असतो, त्यामुळे त्याचे भाडे वजनावर ठरते. दिवाळीच्या भेटखोक्यांचे तसे नाही. ६० × ५० × ४० सेंटिमीटरचे खोके तराजूवर १४ किलो भरले, तरी लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागून वजन ठरवणारी कुरिअर कंपनी त्याचे २४ किलो धरते. उंची ४० वरून ३० वर आणली, तर तेच १८ किलो होते. रस्त्याने माल नेणारे ट्रान्सपोर्टवाले घनफुटामागे अमुक किलो असा हिशेब करतात आणि तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून दर विचारताना तोही लेखी मागावा. त्याचबरोबर हमाली, बिल्टी शुल्क, दारपोच आकार आणि किमान आकारणीचे वजन हे सारे धरून किलोमागे खरा खर्च किती पडतो, ते काढावे. वाहतूकदार स्वतः कर आकारत नसेल, तर भाड्यावरचा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने थेट सरकारकडे) भरण्याची जबाबदारी भाडे देणाऱ्या कारखान्यावर येते. हा आकडा हिशेबातून हमखास सुटतो.

ई-वे बिलाबद्दल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर काढायच्या माल-वाहतुकीच्या दाखल्याबद्दल, थोडक्यात. परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असेल तर ते लागते आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. पार्ट लोडचा (इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत जाणारा) माल कोल्हापूर किंवा बेळगावच्या गोदामात रविवारभर पडून राहिला की मुदत उलटते, म्हणून ती वाढवणे (हे मुदत संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांतच करता येते) आणि बदललेल्या गाडीचा क्रमांक भरणे हे काम कोणाचे, ते आधीच ठरवून ठेवावे.

पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोड घाटांतील अडथळे गृहीत धरूनच व्यापाऱ्याला तारीख द्यावी. बेळगावहून भाजी आणणाऱ्या गाड्या परतीला कमी भाड्यात मिळतात, पण ओलसर हौद्यात काजूगर घालू नयेत. ते ओल आणि वास दोन्ही धरतात. मुंबईकडे भरलेला पूर्ण ट्रक पाठवायचा असेल, तर कोकण रेल्वेची वेर्णा ते कोलाड रो-रो सेवा जरूर विचारात घ्यावी. ती १९९९ पासून आहे आणि ट्रक त्यात रेल्वेच्या वाघिणीवर चढून जातो. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र गोव्यात हमाल आणि चालक मिळणे कठीण असते, आणि नेमकी त्यानंतरच दिवाळीची मागणी सुरू होते. आम्ही त्या मालाचा पहिला हप्ता चतुर्थीपूर्वीच रवाना करतो.

एजन्सीबाबत माझा सल्ला असा की, आधी तीन महिने प्रत्येक खेपेची तारीख, वजन, घनफूट, एकूण खर्च, पोहोचायला लागलेले दिवस आणि नुकसान एका वहीत लिहा. ती वही समोर ठेवून दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी आणि एका एजन्सीशी बोला. आपली नेहमीची खेप त्यांना सांगता आली की दरही निश्चित मिळतो. महिन्याला दहा-पंधराच खेपा असतील, तर एजन्सीची गरज आपल्याला बहुधा भासणार नाही.