हौद्यातला डबा, मागची होडी आणि आरसीवरचे दोन आकडे

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात मी, बायको आणि दोन मुलं. डबल केबिनचा खासगी पिकअप आहे, पांढऱ्या नंबरप्लेटचा. गेल्या वर्षी फायबरची जुनी १४ फुटी होडी घेतली, तिला १५ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. ती ओढायला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. आता हौद्यावर झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेला कॅम्पर हवा आहे. फॅब्रिकेटरने दोन पर्याय दिले: हौद्यात सरकवून पट्ट्यांनी बांधायचा, हवा तेव्हा उतरवता येणारा डबा, किंवा हौदा काढून चासीवर कायमची बॉडी. ठरले ४ लाख २५ हजार, ॲडव्हान्स दिला २ लाख. मागच्या महिन्यात वैतरणेला जाताना घोटीजवळ आरटीओच्या पथकाने अडवलं. ट्रेलरची नोंदणी नाही म्हणून चलान झालं, आणि 'डबा बसवलात तर गाडीच जमा करू' असं बजावलं. फॅब्रिकेटर म्हणतो, काढता येणाऱ्या डब्याला पासिंग, म्हणजे आरटीओची मंजुरी, लागत नाही. पैसे परत मिळणार नाहीत असंही तोच म्हणतो. कोणता कॅम्पर घ्यावा आणि पैशांचं काय करावं?

उत्तर: तुम्ही आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची, प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. 'कोणता कॅम्पर' याचं उत्तर कोटेशनमध्ये नाही, त्या आरसीवरच्या दोन आकड्यांत आहे. रिकामं वजन १,९४० किलो, भारासह कमाल वजन २,५१० किलो. मधले ५७० किलो ही तुमची सगळी मिळकत.

आता खर्च बघू. तुम्ही चौघं, कपडेलत्ते आणि पांघरुणं धरून २८० किलो. डबा रिकामा ३८० किलो, हे फॅब्रिकेटरने स्वतःच लिहून दिलंय. इथेच बेरीज ६६० झाली, म्हणजे पाण्याचा थेंबही भरायच्या आत ९० किलो जास्त. त्यावर ६० लिटर पाणी, बॅटरी, छोटा फ्रिज, शेगडी मिळून आणखी १२० किलो धरा. आणि जे बहुतेक जण विसरतात ते: ट्रेलरचा काही भार हुकावर टेकतो आणि तोही गाडीच्याच खात्यात जमा होतो. होडी, इंजिन, पेट्रोल, ट्रेलर मिळून ५०० किलो असतील तर हुकावर साधारण ४० ते ५० किलो येतात. बेरीज ८२५ च्या घरात जाते. अडीचशे किलो जादा, आणि तेही बहुतेक मागच्या चाकांवर. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकेनासं होतं, हे कसारा घाटात मागे ओझं घेऊन उतरलेल्या कोणत्याही टेम्पोवाल्याला विचारा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे आरसीवरच्या कमाल वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी चालवता येत नाही. हे खासगी गाडीलाही लागू आहे. कलम १९४ खाली दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार. त्यामुळे डबा काढता येणारा की कायमचा, हा वाद तुमच्या बाबतीत नंतरचा. दोन्ही डबे तुमच्या गाडीला झेपत नाहीत.

तरी तो वाद सोडून देत नाही, कारण फॅब्रिकेटरच्या वाक्यात अर्धं खरं आहे. कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगती येईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. हौदा काढून चासीवर बॉडी चढवली की बॉडीचा प्रकार आणि वजन दोन्ही बदललं. परवानगीशिवाय केलं तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा तो दुसरा पर्याय डोक्यातून काढाच.

हौद्यात ठेवून पट्ट्यांनी बांधलेला डबा, ज्यासाठी एकही भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही, गाडीच्या वायरिंगला हात लावला नाही, तो 'बदल' नसून 'माल' आहे असा युक्तिवाद करता येतो. मी कोर्टात तो करीन. पण टोलनाक्याच्या पुढे उन्हात उभ्या असलेल्या निरीक्षकासमोर तो चालेलच असं नाही, आणि मुलं मागच्या सीटवर रडत असताना युक्तिवाद करायची हौस कोणालाच नसते.

रीतसर वाटही आहे. केंद्राच्या वाहनवर्गांच्या यादीत 'खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' हा बिगर-परिवहन गटातला वेगळा वर्ग आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त वाहन-चाचणी संस्थेकडून मंजूर झालेली कॅरॅव्हॅन घेतली तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात नोंदणीला अडचण येऊ नये. मात्र एकट्या गाडीसाठी फॅब्रिकेटरने ही चाचणी करून घ्यावी हे व्यवहारात बसत नाही. २०२१ च्या राज्याच्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचा दाखला तुम्हाला कोणी देईल. ते धोरण पर्यटन व्यवसायासाठी आहे, तुमच्या आरसीला त्यातून सूट मिळत नाही.

'मग अमेरिकेत सगळे कसे करतात?' हे तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय. तिकडे पिकअपवर डबा ठेवण्याची पद्धत रुजली ती याच सोयीमुळे, की मागचा हुक होडीसाठी मोकळा राहतो. कॅम्पर ट्रेलर घेतला तर हुक अडतो आणि होडी घरी राहते. तुमची कल्पना चुकीची नाही. पण तिकडचे मोठे पिकअप टनभर आणि त्याहूनही जास्त ओझं हौद्यात घेतात. फोटो त्यांचे, गाडी आपली.

तुमच्या ५७० किलोंत बसणारं मी सांगतो. छतावर किंवा हौद्याच्या कॅरियरवर उघडणारा कापडी तंबू, साधारण ६० किलो. हौद्यात स्वयंपाकाची पेटी आणि बाकी सामान मिळून ८०. पाणी मुक्कामी पोहोचल्यावर भरा. हुकाचा भार धरूनही बेरीज ४६५ होते. कंपनीकडून गाडीची ओढण्याची क्षमता मात्र लेखी मागवून घ्या. शोरूममधल्या मुलाचं 'होऊन जाईल साहेब' चालणार नाही. आणि वहिनींनी विचारलंय, चालत्या गाडीत मुलांना मागे झोपवलं तर चालेल का? नाही, तंबूत नाही, डब्यातही नाही. आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं, आणि प्रत्येकाला पट्टा.

आता चलान. कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र 'मोटार वाहन' आहे, त्याला इंजिन नसलं तरी. म्हणून कलम ३९ खाली त्याचीही नोंदणी लागते. ती नसेल तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २ ते ५ हजार दंड, पुन्हा सापडलात तर ५ ते १० हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद. हे चलान लढवू नका, भरून टाका. पण तो ट्रेलर पुन्हा रस्त्यावर आणू नका. नोंदणीला निर्मात्याचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र आणि मॉडेलची मंजुरी मागतात, आणि ट्रॉलीवाल्याकडे होडीच्या ट्रेलरची मंजुरी असण्याची शक्यता मला कमीच वाटते. मंजूर ट्रेलर घेईपर्यंत होडी भाड्याच्या टेम्पोत घाला. नवा घेतल्यावर त्याचा स्वतःचा नंबर बाजूला आणि पिकअपचा नंबर मागे, दोन्ही हवेत. विम्यात ट्रेलरची नोंद वेगळी करून घ्या. मोटार विमा होडीला पुरत नाही. लायसन्सची काळजी नको, तुमचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स, या गाडीला पुरतं.

होडीचे कागद पत्रात नाहीत, ते शोधा. इंजिन असलेल्या होडीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. शिवाय धरणात होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी. गंगापूरच्या पाण्यावर शहर पाणी पितं, तिथे पेट्रोलचं इंजिन घेऊन जाण्याआधी दहादा विचार करा. नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे होडी उतरवलीत तर प्रकरण वन्यजीव कायद्यावर जाईल, आणि मग माझ्याकडे वेगळं पत्र लिहावं लागेल.

राहिले दोन लाख. फॅब्रिकेटरने 'पासिंग लागत नाही' असं सांगून काम घेतलं आणि आरसीला न झेपणारा डबा विकायला काढला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही दिशाभूल आहे. शिवाय बेकायदा बदलाचा करार मुळात रद्दबातल ठरला, तर करार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे घेतलेला पैसा परत करावा लागतो. तो म्हणेल की मी पत्रा आणि पाइप आणून ठेवलेत. आणले असतील तर त्याची बिलं मागा. मला विचाराल तर, खरोखर कापलेल्या मालाचे पैसे सोडून बाकी दीड लाखाच्या आसपास हाती आलं तर तडजोड करा, दोन वर्षं तारखा घेण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, १५ दिवसांच्या मुदतीची. पैसे आले नाहीत तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तुमच्याकडची कच्ची पावती चालेल. पण 'आरटीओ काही विचारत नाही' हा त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्याहून मोलाचा आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तो पुरावा म्हणून देता येतो, आणि मूळ फोन जपलेला असेल तर समोरच्या वकिलाला त्यावर बोट ठेवायला जागा राहत नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत हा फोन दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका.