रेकॉर्ड रूमकडे वळणाऱ्या पोरीस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

ग्रंथालयशास्त्र झालं, आता अभिलेख व्यवस्थापनाकडे वळू का, असं विचारलंस. जरूर वळ. गरज किती आहे ते जून-जुलैत कुठल्याही तहसीलच्या रेकॉर्ड रूमसमोर उभी राहून बघ. जात पडताळणीसाठी बापलेक आलेले असतात. "आजाचं नाव कोतवाल बुकात हाये म्हंते, पाहून द्या ना जी." कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालानं लिहिलेली जन्म-मृत्यूची वही. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. पोरीचा प्रवेश त्या एका ओळीवर अडलेला असतो.

ती ओळ सहज सापडत नाही. कोतवालानं जन्म-मृत्यू लिहिताना अनेकदा आडनाव घातलेलंच नसतं. बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. कागद तांबूस, कडा हात लावताच झडणाऱ्या. पान उलटताना खाली तळहात धर, थुंकी लावू नकोस. फाटलं तर सेलोटेप मुळीच नको; तिचा गोंद कागदात मुरतो आणि अक्षरावर पिवळा डाग उरतो.

आता सगळीकडे स्कॅनिंग चाललंय. चांगलंच आहे, पण फाइलला नुसता नंबर दिला तर ते पान पुन्हा हरवलं म्हणून समज. मौजा म्हणजे गाव, तालुका, जिल्हा, वर्ष, नोंदवहीचा नमुना एवढं तरी सूचीत हवंच. त्यातही जिल्हा जुना आणि नवा, दोन्ही लिही. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरमधून निघाला, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. जुन्या बस्त्यावर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर, जुनंच नाव असतं आणि शोधणाऱ्याला ते ठाऊक नसतं. मूळ नोंदीतलं शुद्धलेखन मात्र सुधारायला जाऊ नकोस. जे लिहिलंय तेच उतरव, शंका शेऱ्यात मांड. या बाबतीत मी फार कडक आहे, कारण तुझ्या एका 'दुरुस्ती'नं कुणाचा दावा पडू शकतो.

पूर्व विदर्भात गेलीस तर निस्तार पत्रक बघशील. सरपण, चराई, पाणवठा, स्मशान, गावाचा कशावर काय हक्क ते त्यात नोंदलेलं असतं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना गावांना हेच कागद कामी येतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला असा हक्क 2009 मध्ये मिळाला.

नष्ट करणं हाही याच कामाचा भाग आहे. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायची रीत, नीट शीक. कागदांचे जपणुकीच्या मुदतीनुसार वर्गही असतात. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ड' वर्षभरानं काढायचा. 'ड'चे ढीग साचले की 'अ'चा बस्ता त्यांच्याखाली दबतो आणि वाळवीला आयता मिळतो. नाशाची नोंदवही सहीशिवाय कधीच पुढे सरकू देऊ नकोस, साहेब कितीही घाईत असोत.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 पाठ कर. अभिलेखांची सूची ठेवणं कार्यालयावर बंधनकारक आहे, हे कपाट किंवा माणूस मागताना सांगता येतं. पगार आणि बढतीचं म्हणशील तर मोठी आशा धरू नकोस. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका आहे, जमलं तर कर. त्याआधी मोडी शीक. जुने कागद वाचणारी माणसं आपल्याकडे कमी होत चालली आहेत. माझ्याकडे मोडी बाराखडीचा तक्ता आहे, पत्ता कळव म्हणजे पोस्टानं धाडतो.

तुझा,
काका